कटनीचा चुना, भेडाघाटचा संगमरवर

नर्मदा परिक्रमेला निघालेला असो की सुटीत जबलपूरला पाहुणा म्हणून आलेला असो, मराठी माणूस भेडाघाट पाहिल्यावाचून परतत नाही. धुवांधार धबधब्याच्या तुषारांत भिजायचे, मग होडीत बसायचे आणि दोन्ही अंगांना शंभर-शंभर फूट चढलेले पांढरे कडे बघत नावाड्याची यमकबद्ध, तोंडपाठ बडबड ऐकायची, हा ठरलेला क्रम. त्या कड्यांना सगळेच संगमरवर म्हणतात आणि ते चूकही नाही. पण इतका पांढरा दगड नदीकाठी, मोठ्या शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर, उघड्यावर पडलेला असताना जबलपूर जिल्ह्यातला दगड भाजण्याचा मोठा धंदा इथे वाढला नाही. तो वाढला नव्वदएक किलोमीटर ईशान्येला, कटनीला. चुन्याच्या भट्ट्या तिथे लागल्या, सिमेंटचे कारखानेही त्याच भागात आले आणि भेडाघाटच्या वाट्याला होड्या, मूर्तिकार आणि पर्यटक आले. याची कारणे रेल्वेत, कोळशात, नर्मदेच्या पावित्र्यात शोधता येतील आणि त्या प्रत्येकात थोडे तथ्यही आहे. पण निकाल लावणारे कारण दगडाच्या आत आहे. कटनीच्या दगडात कॅल्शिअम आहे. भेडाघाटच्या दगडात कॅल्शिअमच्या जोडीला मॅग्नेशिअम आहे. शाळेच्या रसायनशास्त्रात शेजारी शेजारी शिकवल्या जाणाऱ्या या दोन मूलद्रव्यांनी एका जिल्ह्याच्या उद्योगाचा नकाशा आखला, असे माझे म्हणणे आहे.

आज कटनी वेगळा जिल्हा आहे, पण तो १९९८ पासून. त्याआधी ती जबलपूर जिल्ह्याची मुडवारा तहसील होती, त्यामुळे जुन्या जबलपूरचा हिशेब कटनीला वगळून मांडता येत नाही. मराठी वाचकालाही हा मुलूख परका नाही. गढा-मंडल्याचे राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठी अंमलदारांनी घेतले, १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ च्या अखेरीस सीताबर्डीच्या लढाईबरोबर इंग्रजांकडे गेले. पुढे मध्य प्रांत झाला आणि १९५६ पर्यंत नागपूर व जबलपूर एकाच सरकारच्या कारभारात राहिले. दगड, चुना, वीट ही त्या काळात सरकारी बांधकामाची रोजची गरज होती. लोखंडी पूल आणि रेल्वेची स्थानके आली तरी भिंती जोडायला लागत होता तो चुनाच.

हा चुना कसा होतो ते एकदा जवळून पाहायला हवे, कारण पुढचा सगळा वाद त्याच प्रक्रियेत दडलेला आहे. चुनखडीचे दगड फोडायचे, भट्टीत एक थर दगडाचा आणि एक थर कोळशाचा असे रचायचे आणि खालून पेटवायचे. साधारण ९०० अंश सेल्सिअसला दगडातला कार्बन डायऑक्साइड सुटून धुराबरोबर वर जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो वायू निघून जातो. भट्टीतून काढलेला दगड आकाराने जवळजवळ तसाच, पण हातात घेतला तर हलका. वस्तुमान अक्षय असते हा नियम पाठ करणाऱ्या मुलाला हा हलका दगड आधी कोड्यात टाकेल आणि मग तो नियम कायमचा समजावून देईल. या चुनकळीवर पाणी टाकले की ती फुसफुसते, तडकते, फुगते आणि हौदातून वाफा येऊ लागतात. चुना विरतो तो असा. एक किलो कळीच्या चुन्यातून निघणारी उष्णता वाया न जाता पाण्यालाच मिळाली, तर सुमारे तीन लिटर पाणी उकळीला येईल. विरलेला चुना स्थिरावल्यावर वरचे स्वच्छ पाणी म्हणजे चुन्याची निवळी. प्रयोगशाळेत नळीने फुंकर मारून जी दुधाळ करतात, तीच ही. आणि घाणीत वाळूबरोबर मळलेला हाच चुना भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेऊन पुन्हा चुनखडी होतो. अपघटन, संयोग, उष्मादायी अभिक्रिया, अवक्षेप हे सगळे पाठ गवंड्याच्या एका हौदाभोवती सापडतात. चुनकळी आणि निवळी हे शब्दही पाठ्यपुस्तकाने घडवलेले नाहीत. ते भट्टीवरून आणि पानाच्या डब्यातून पुस्तकात गेले आहेत.

भेडाघाटचा दगड या गोष्टीत बिघाड घडवतो. तो रूपांतरित खडक आहे म्हणून संगमरवर, पण त्याचे मुख्य खनिज डोलोमाइट, म्हणजे कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम यांचे जोड-कार्बोनेट. शुद्ध डोलोमाइट शंभर किलो भाजला तर ४८ किलो वायू जातो आणि ५२ किलो उरतो. त्यात ३० किलो चुना आणि २२ किलो मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशिअम ऑक्साइड. हे दोन पांढरे पदार्थ वेगळे आहेत हे माणसाला फार उशिरा कळले. एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने १७५४ च्या आपल्या प्रबंधात आणि दोन वर्षांनी छापलेल्या निबंधात मॅग्नेशिया व चुना यांची तुलना करून ते भिन्न असल्याचे दाखवले आणि दोन्हींच्या कार्बोनेटांतून सुटणारा वायू तोलून बसवला. आधुनिक रसायनशास्त्राच्या पायातला हा एक दगड आहे, आणि तो नेमका याच जोडीवरच्या कामातून बसला. १७९१ मध्ये देओदा द दोलोमिय या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने आम्लात चटकन न फसफसणाऱ्या चुनखडीसारख्या खडकाचे वर्णन केले. डोलोमाइट हे नाव त्याच्यावरून पडले. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम वेगळे केले. जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले त्याच्या अवघी नऊ वर्षे आधी ही मूलद्रव्ये माणसाच्या ओळखीची झाली होती.

आता कटनीकडे. तिथला चुनखडक विंध्य शैलसमूहातला, समुद्रतळाशी थर साचून झालेला. फारसा रूपांतरित न झालेला, रंगाने मळकट राखी, दिसायला सामान्य. पर्यटक ज्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही असा. पण त्याचे चांगले थर कॅल्शिअम कार्बोनेटने भरलेले आणि मॅग्नेशियाने गरीब. १८६७ मध्ये अलाहाबादहून जबलपूरपर्यंत ईस्ट इंडियन रेल्वे आली ती कटनीवरून. १८८६ मध्ये कटनीहून उमरियाच्या कोळसा खाणींपर्यंत फाटा गेला आणि १८९१ मध्ये तो बिलासपूरला पोचला. दगड, कोळसा आणि वाघिणी एकत्र आल्यावर कटनीचा चुना दूरदूर जाऊ लागला. पुढची पायरी सिमेंटची. १९१२ मध्ये कटनी सिमेंट अँड इंडस्ट्रियल कंपनी उभी राहिली आणि १९१५ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पोरबंदर, कटनी आणि बुंदी संस्थानातले लाखेरी या तीन ठिकाणच्या कारखान्यांपासून भारतातल्या सिमेंट उद्योगाची खरी सुरुवात धरतात. १९२३ मध्ये कटनीजवळ कैमोरला आणखी एक कारखाना चालू झाला आणि १९३६ मध्ये सिमेंट कंपन्यांच्या एकत्रीकरणातून झालेल्या एसीसी या कंपनीत तो गेला. एकाच पट्ट्यात, दहा वर्षांच्या आत, दोन कारखाने. भेडाघाटला एकही नाही.

सिमेंटच्या कारखान्यांनी भेडाघाटचा दगड का नाकारला असता, याचे उत्तर तापमानात आहे. चुन्याची भट्टी ९०० अंशांच्या आसपास चालते. सिमेंटची भट्टी सुमारे १,४५० अंशांवर. त्या उष्णतेत चुना चिकणमातीतल्या सिलिकाशी संयोग पावतो आणि सिमेंटची मूळ संयुगे तयार होतात. मॅग्नेशिया मात्र या संयोगात फारसा भाग घेत नाही. तो जागच्या जागी करपतो, त्याचे घट्ट स्फटिक बनतात आणि असा करपलेला मॅग्नेशिया पाण्याशी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, सावकाश अभिक्रिया करत राहतो. अभिक्रिया होताना त्याचे आकारमान दुपटीहून वाढते. चुनाही पाण्यात फुगतो, पण चुन्याचे फुगणे हौदात होऊन जाते. करपलेल्या मॅग्नेशियाचे फुगणे भिंतीत होते. १८८० च्या दशकात फ्रान्समधले काही काँक्रीटचे पूल बांधल्यावर दोनेक वर्षांत तडकले आणि जर्मनीतल्या कासेलचे नगरभवन पुन्हा बांधावे लागले. त्यांच्या सिमेंटात मॅग्नेशियाचे प्रमाण भरमसाट निघाले. तेव्हापासून जगभर सिमेंटातल्या मॅग्नेशियावर मर्यादा आली. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटात तो सहा टक्क्यांहून अधिक चालत नाही. भाजलेल्या डोलोमाइटात मॅग्नेशिया चाळीस टक्क्यांच्या वर असतो. सिमेंट बनेल एवढ्या प्रमाणात चिकणमाती मिसळली तरी हा आकडा सहावर येणार नाही. १९१२ मध्ये जागा शोधणाऱ्या कोणाही रसायनतज्ज्ञाला भेडाघाटचा एक खडा पृथक्करणाला लावला की निर्णय घेण्यासाठी दुसरे काही विचारावे लागले नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सारे रेल्वेने केले, रसायनाने नव्हे. कटनी जंक्शन झाले म्हणून धंदा तिथे गेला. पण मग जबलपूर काय होते? ७ मार्च १८७० रोजी ईस्ट इंडियन आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला या दोन रेल्वे जबलपुरात जोडल्या गेल्या आणि मुंबई-कलकत्ता सलग प्रवास सुरू झाला. देशाच्या दोन टोकांच्या बाजारपेठा ज्या गाठीने बांधल्या गेल्या, ती गाठ जबलपूरची होती, आणि इटारसीकडे जाणारा मार्ग भेडाघाटच्या जवळूनच जातो. कोळशाचा मुद्दा अधिक वजनदार आहे. उमरिया कटनीला जवळ, हे मान्य. पण जबलपूरच्या दुसऱ्या बाजूला, नरसिंहपूर जिल्ह्यात, मोहपानीची कोळशाची खाण १८६२ पासूनच चालू होती, उमरियाच्या वीसेक वर्षे आधी. म्हणजे लोहमार्ग दोन्हीकडे होता आणि कोळसाही दोन्हीकडून मिळत होता. दोन पारड्यांत सारखे वजन पडल्यावर तराजू ज्याने कलला ते कारण मुख्य. कोळसा आणि रेल्वे यांनी कटनीचा वेग वाढवला, दिशा ठरवली ती दगडाने.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आणि सौंदर्याचा. भेडाघाट हे तीर्थ. वर टेकडीवर कलचुरी काळातले चौसष्ट योगिनींचे मंदिर, खाली नर्मदामाई. शिवाय हे कडे एकोणिसाव्या शतकातच प्रसिद्धीला आले. जेम्स फोर्सिथच्या १८७१ च्या मध्य भारतावरील पुस्तकात त्यांचे रंगून केलेले वर्णन आहे. अशा जागी सुरुंग कोण लावणार? घळीपुरते हे बरोबर आहे आणि ती घळ वाचली याबद्दल कोणाला दुःख नाही. पण डोलोमाइटी संगमरवर घळीपुरता नाही. तो आसपासच्या पट्ट्यात पसरलेला आहे आणि जबलपूर जिल्ह्यात डोलोमाइटच्या खाणी आहेतही. पावित्र्याने खाणकाम सगळीकडे रोखले असते तर त्या निघाल्या नसत्या. त्या निघाल्या, पण सिमेंटसाठी नव्हे. म्हणजे दगड उचलायला आडकाठी नव्हती. विशिष्ट कामाला तो निरुपयोगी होता. तीर्थक्षेत्राने घळ राखली हे खरे, पण उद्योगाला लांब ठेवले ते श्रद्धेने नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत नेमका आहे आणि त्याने माझे विधान थोडे दुरुस्त करावे लागते. डोलोमाइटचा चुना होतच नाही असे नाही. मंद आचेवर भाजलेला डोलोमाइटी चुना अमेरिकेसारख्या देशात गिलाव्याला सर्रास वापरला गेला आहे. मग जुन्या चुनेवाल्यांना मॅग्नेशिअमचे नावही ठाऊक नसताना रसायनाने त्यांचा निर्णय ठरवला, असे म्हणणे म्हणजे आजचे ज्ञान कालच्या माथी मारणे नाही का? उत्तर दोन भागांत आहे. चुनेवाल्याला मूलद्रव्याचे नाव लागत नाही; त्याला वागणूक कळते. जी कळी पाण्यात पडताच तडतडून पिठासारखी होते ती चांगली आणि जी सुस्त पडून राहते ती वाईट, ही पारख कोणत्याही भट्टीवर असतेच, आणि मॅग्नेशियायुक्त कळी सुस्त असते. तरीही ९०० अंशांच्या काळात हा आवडीनिवडीचा, फार तर नफ्यातोट्याचा प्रश्न होता. नर्मदाखोऱ्याच्या गाळात कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, मिळतो. तो भाजूनही घरापुरता चुना होतो. त्या काळात गावोगावी लहान भट्ट्या असू शकत होत्या आणि एका दगडावाचून कोणाचे अडत नव्हते. भट्टी १,४५० अंशांवर गेली तेव्हा मात्र आवडनिवड संपली. म्हणून नेमके विधान असे: दगडातला रासायनिक फरक कोट्यवधी वर्षांचा, पण तो इतिहास घडवू लागला विसाव्या शतकात, तापमान वाढल्यावर. रसायन हे नुसते पदार्थात नसते, ते पदार्थाला आपण कुठल्या परिस्थितीत घालतो त्यातही असते.

मॅग्नेशिअमने भेडाघाटचे नुकसानच केले, असाही निष्कर्ष काढू नये. डोलोमाइटात सिलिकायुक्त गरम पाणी शिरले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मॅग्नेशिअम सिलिकाशी बांधले जाऊन शंखजिरे तयार होते. चेहऱ्याच्या पावडरीतले टाल्क ते हेच. नखाने ओरखडा निघेल इतके ते मऊ. कठीणतेच्या मोजपट्टीवर त्याचा क्रमांक पहिला, तर डोलोमाइट साडेतीन ते चारच्या घरात. भेडाघाटच्या परिसरात या मऊ दगडाचे पट्टे आहेत. धुवांधारकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओळीने मांडलेल्या गणपती, शिवलिंग, हत्ती, दिवे यांच्या दुकानांत 'संगमरवराची' म्हणून मिळणारी पुष्कळशी वस्तू अशा मऊ दगडाची असते. छिन्नी भराभर चालते म्हणून ती त्या किमतीत मिळते. हाताने घडवण्याची कला तिथे जगली त्यामागे दगडाचा हा मवाळपणा आहे. आणि ज्या मॅग्नेशियाने सिमेंटचा दरवाजा बंद केला, त्यानेच पोलादाचा उघडला. मॅग्नेशिया सुमारे २,८०० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून भाजलेला डोलोमाइट पोलादाच्या भट्टीच्या अस्तराला आणि धातुमळी बांधायला लागतो. एका कारखान्यातला दोष तो दुसऱ्यातला गुण. पदार्थ चांगला की वाईट हे त्याच्यावर लिहिलेले नसते.

या सगळ्यातून शाळेने घेण्यासारखे काही आहे. मूलद्रव्यांची यादी, संज्ञा, अणुवस्तुमाने हे पाठांतर मुलांना निर्जीव वाटते, कारण त्या आकड्यांनी कुठे काही घडले असे त्यांना कोणी दाखवत नाही. कॅल्शिअमचे अणुवस्तुमान ४० आणि मॅग्नेशिअमचे २४, आवर्तसारणीत दोघे एकाच गणात वर-खाली, दोघांची संयुजा दोन, म्हणूनच ते एका खनिजात एकमेकांशेजारी बसू शकतात. आणि तरीही त्यांच्यातल्या फरकाने एक गाव औद्योगिक शहर झाले आणि दुसरे सहलीचे ठिकाण राहिले. जबलपूर-कटनीच्या शिक्षकाला यासाठी महागडी प्रयोगशाळा नको. कटनीच्या खाणीतला राखी खडा आणि भेडाघाटच्या दुकानातला छाटणीचा पांढरा तुकडा बाकावर ठेवावा. दोन्हींवर थंड, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकेक थेंब स्वतः टाकावा. राखी खडा लगेच फसफसेल. पांढरा बहुधा मख्ख राहील. त्याची पूड केली की मगच बुडबुडे येतील, आणि तो तुकडा शंखजिऱ्याचा निघाला तर पूड करूनही येणार नाहीत. महाराष्ट्रातल्या शिक्षकालाही हे जमेल. दगड तेवढे वेगळ्या गावचे असतील. मात्र पांढरा तुकडा दुकानातूनच घ्यावा, घाटावरून फोडू नये. त्या कड्यांना सिमेंटच्या भट्टीपासून मॅग्नेशिअमने वाचवले. सहलीला येणाऱ्यांपासून वाचवणे आपल्याच हातात आहे.